भंडारा डोळ्यांत गेल्यावर

माझ्या भाचीने सोमवती अमावास्येच्या जेजुरीचं चित्र काढून घरच्या ग्रुपवर टाकलं. पायऱ्या जांभळ्या, आभाळ हिरवं, दीपमाळा वाकलेल्या आणि माणसं म्हणजे नुसते पिवळे फटकारे. अण्णाकाकांनी लगेच सुनावलं, ‘‘देवस्थानाची टिंगल आहे ही. असली परदेशी खुळं हवीत कशाला?’’

मी म्युनिकला राहते. काका म्हणतात ते खूळ, म्हणजे दिसतं तसं न काढता मनाला वाटतं तसं रंगवायची अभिव्यक्तिवादी (एक्स्प्रेशनिस्ट) शैली, इथलंच. इथल्या लेनबाखहाउस संग्रहालयात चित्रकार कांडिन्स्कीची आणि गाब्रिएले म्युंटरची मुर्नाऊ गावाची चित्रं आहेत, त्यातल्या चर्चचे रंगही कुठल्या खऱ्या चर्चला नसतील असे. पण १९३७ साली याच शहरात नाझींनी ‘अवनत कला’ नावाचं प्रदर्शन भरवलं आणि याच शैलीतल्या एमिल नोल्डेची ख्रिस्तचरित्रावरची नऊ चित्रं धर्माची विटंबना म्हणून टांगली. नोल्डे स्वतः नाझी पक्षाचा सभासद, तरी सुटला नाही. म्युंटरने तळघरात लपवली म्हणून कितीतरी चित्रं वाचली. त्याच काळात व्हिएन्ना सोडून मुंबईला आलेल्या चित्रकार वॉल्टर लँगहॅमरने आरा, रझा यांच्यासारख्या तरुण चित्रकारांना हात दिला. म्हणजे ही शैली आपल्याकडे आली ती छळातून वाट काढत.

जर्मनीतही धर्मनिंदेचं १६६वं कलम आहे, त्यामुळे इकडे सगळं मोकळं आहे असं मी सांगणार नाही. काकांना वाईट वाटलं, तेही खरंच. पण पंढरपुरात जन्मलेले चित्रकार हुसेन आठवले की मला राहवत नाही. २००८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या चित्रांवरून भरलेले काही खटले रद्द केले, तरी देश सोडून गेलेले ते परतू शकले नाहीत. २०११ साली लंडनलाच वारले.

आणि आपला देव कुठे हुबेहूब असतो? नाकडोळे नसलेल्या तांदळ्याला शेंदूर लावून आपण हात जोडतोच ना? सोमवतीला गडावर ‘येळकोट येळकोट’ होतं, भंडारा उधळला जातो, तेव्हा शेजारच्याचा चेहरा ओळखू येत नाही. पायरी, पागोटं, पापण्या, सगळं पिवळं. भाचीने तेच काढलंय. फोटोत ते येत नाही, मी काढून पाहिलेत.

काका, चित्र जरा मोठं करून बघा. डाव्या कोपऱ्यात एक माणूस खांद्यावर पोरीला घेऊन उभा आहे, भंडारा जाऊ नये म्हणून तिच्या डोळ्यांवर हात धरून. तिला पहिल्यांदा गडावर तुम्हीच नेलं होतं.