झाकलं टेबल सव्वा लाखाचं

तुमच्याकडे ॲक्सेसची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रामची, एक फाइल आहे, ती ऑफिसच्या शेअर्ड फोल्डरमध्ये पडली आहे, तिच्यात सगळ्यांचे पगार आहेत आणि ते युजरला दिसता कामा नयेत? अगदी सोपं आहे. लपवून टाका. मी परवाच या शास्त्रात पदवी घेतली, तेव्हा अनुभवाचे बोल ऐका.

पगाराच्या टेबलावर, म्हणजे माहितीच्या तक्त्यावर, राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'हिडन'वर टिक. गेलं टेबल! 'शो हिडन ऑब्जेक्ट्स' नावाचा चेकबॉक्स ते परत आणतो म्हणा, पण तिथवर कोण जातंय?

तरी धाकधूक असेल तर टेबलाच्या नावाआधी 'यूसिस' ही अक्षरं लावा. ॲक्सेस त्याला सिस्टीमचं टेबल समजून दडवून ठेवतं. त्याचा चेकबॉक्स वेगळा आहे. पहिल्याच्या शेजारीच.

फाइल उघडली की थेट फॉर्म दिसेल असं करा. नेव्हिगेशन पेन, म्हणजे डावीकडची टेबलांची यादी, बंद; ती परत आणणारं एफ११ बटणही बंद. शिफ्ट दाबून धरून फाइल उघडली की हे सगळं बायपास होतं, पण शिफ्ट कोणाला सापडणार? कीबोर्डवर दोनच तर असतात. फारच भित्रे असाल तर शिफ्टची ही सोय देणारं 'अलाऊ बायपास की' हे सेटिंग फॉल्स करा. दुसऱ्या कोऱ्या फाइलीतून चार ओळींच्या कोडनं ती परत ट्रू होते.

फाइलीच्या नावामागचं एक्स्टेन्शन 'एसीसीडीबी'चं 'एसीसीडीआर' करा, म्हणजे ती फक्त वापरण्यापुरती उघडते. शेवटचं अक्षर पुन्हा बदलू शकेल असा युजर अजून जन्माला यायचाय.

फाइलीची 'एसीसीडीई', म्हणजे कोड बंद केलेली प्रत, करा. कोड कोणाला वाचता येणार नाही, टेबलं मात्र होती तशीच. दार उघडं आणि मोरीला बोळा.

फाइलीला पासवर्ड लावा आणि तो सगळ्यांना सांगा, नाहीतर ते काम कसं करणार?

डेटा सर्व्हरवर असेल तर लिंक करताना पासवर्डही सेव्ह करा. तो एमसिसऑब्जेक्ट्स या ॲक्सेसच्या स्वतःच्या टेबलात साध्या अक्षरांत राहतो. तुम्ही विसरलात तर कोणीही बघून सांगेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, युजरला काही कळत नाही यावर गाढ श्रद्धा ठेवा. आमच्या साहेबांची होती. दीड वर्षापूर्वी मी मेल केला होता की हे पगार या फाइलीत नकोत. उत्तर आलं, "लपवून टाका ना, आपल्या लोकांना काय समजतंय?" लपवलं. परवा एका नव्या पोराचा फॉर्म अडकला. बिचाऱ्यानं नेटवर शोधलं, कोणीतरी लिहिलं होतं, शिफ्ट दाबून उघडा. उघडली. डाव्या बाजूला टेबलांची रांग दिसली. दोन टिका मारल्या आणि फिकट रंगात एक नाव उगवलं, 'यूसिसपगार'. नावही असं की आंधळ्यानंही उघडावं! (हो, नाव मीच दिलं होतं.) जेवणाच्या सुट्टीपर्यंत कोणाला किती मिळतं हे मजल्यावर सगळ्यांना पाठ. मग मीटिंग. पोराला उभं केलं, 'हॅकिंग' हा शब्द तीनदा आला. माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही सिक्युअर केलं होतं ना?" आणि शेवटी हुकूम, "या वेळी जरा नीट लपवा."

काय नीट लपवू? अहो साहेब, ॲक्सेसची फाइल वापरायला युजरला त्या फोल्डरवर वाचायचा आणि लिहायचा हक्क द्यावाच लागतो. जी फाइल वाचता येते ती पेन ड्राइव्हवर घालून घरीही नेता येते, तिथे बसून निवांत उघडता येते. कोणी काय बघावं हे युजरवार ठरवायची सोय जुन्या एमडीबी फाइलींना होती. २००७ मध्ये एसीसीडीबी आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टनं नव्या फॉरमॅटमधून ती काढून टाकली. तेव्हापासून 'हिडन' म्हणजे फक्त पसारा कमी दिसावा म्हणून ओढलेला पडदा आहे. त्याला कडी नाही, कुलूप नाही.

कुलूप हवं असेल तर टेबलं सर्व्हरवर न्या. एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्याच सर्व्हरवरच्या डेटाबेसची एक्सप्रेस आवृत्ती फुकट मिळते, तेव्हा बजेटचं रडगाणं नको. युजरला पगाराच्या टेबलावर हक्कच देऊ नका, लागतील तेवढेच कॉलम दाखवणारा व्ह्यू द्या. आणि गंमत बघा, २००५ पासून एसक्यूएल सर्व्हर ज्या टेबलावर हक्क नाही त्याचं नावसुद्धा त्या युजरच्या यादीत दाखवत नाही. कुलूप लावलंत की लपतं ते आपोआप. तुम्ही दीड वर्षं उलटं करत बसलात आणि बिल एका शिकाऊ पोराच्या नावावर फाडताय. त्यानं शिफ्ट दाबली, तिजोरी फोडली नाही. तेवढं जमत नसेल तर पगार त्या फाइलीतून आजच्या आज काढा. आणि त्याला पुन्हा मीटिंगमध्ये उभं केलंत, तर तो दीड वर्षापूर्वीचा मेल मी तुमच्या उत्तरासकट सगळ्यांना पाठवणार आहे.