‘एनएफएलचा पोरखेळ झालाय’ या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर भाऊजींनी एक लांबलचक फॉरवर्ड टाकला. अमेरिकेत राहणाऱ्या बऱ्याच जणांना तो आला असेल. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) आता मर्दांचा खेळ राहिला नाही, पूर्वी डोक्याला लागलं की गडी अमोनियाची कुपी हुंगून पुन्हा मैदानात उतरायचा, त्या पोलादी जुन्या खेळाडूंना काही झालं नाही, हेल्मेटमुळेच सगळा घोळ झालाय, रग्बीसारखं हेल्मेट काढून टाका म्हणजे आपोआप सगळे जपून खेळतील, किकऑफची (खेळ सुरू करायच्या किकची) वाट लावली, क्वार्टरबॅकला (बॉल फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला) हात लावायची सोय राहिली नाही, त्यामुळे लोकांनी बघणं सोडलं, आणि मेंदूच्या आजाराचं जे काय चाललंय ते मीडियाचं पिल्लू आहे, खेळाडूंना सगळं माहीत असतं आणि त्याचेच त्यांना करोडो मिळतात.

एरवी मी फॉरवर्डच्या नादी लागत नाही. पण माझा भाचा टेक्सासमध्ये फ्रिस्कोला नववीत आहे, शाळेच्या टीममध्ये लाइनबॅकर (समोरच्याला अडवून पाडणारा बचावपटू) म्हणून खेळतो, आणि हे वाचून तो ताईला म्हणाला की डोकं दुखलं तरी मी ट्रेनरला सांगणार नाही, सांगितलं की बाहेर बसवतात. भाऊजी, तुम्ही मोठे आहात, तुमच्यावर राग नाही, पण हा फॉरवर्ड पोरांच्या हातात द्यायच्या लायकीचा नाही आणि का नाही ते मी इथे सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी तो कुपी हुंगून परत येण्याचा मुद्दा, कारण सगळ्यात घातक तोच आहे. कन्कशन, म्हणजे फटका बसून मेंदूला होणारी दुखापत, हे नुसतं टेंगूळ किंवा दोन मिनिटांची चक्कर नाही. नारळ जोरात हलवला तर करवंटी शाबूत राहते पण आतलं पाणी डुचमळतं, तसा कवटीच्या आत मेंदू हलतो, पेशी ताणल्या जातात आणि पुढचे काही दिवस तो मेंदू नाजूक अवस्थेत असतो. त्या काळात दुसरा फटका बसला, अगदी हलका जरी असला, तरी मेंदूला झपाट्याने सूज येऊ शकते आणि हा धोका शाळकरी वयात सगळ्यात जास्त असतो. २००६ मध्ये वॉशिंग्टन राज्यात १३ वर्षांचा एक मुलगा शाळेच्या मॅचमध्ये पडला, डोकं जमिनीवर आपटलं, थोडा वेळ बसला आणि दुसऱ्या हाफमध्ये पुन्हा खेळायला उतरला. मॅच संपली आणि तो मैदानातच कोसळला. मेंदूवरचा दाब कमी करायला तातडीने ऑपरेशन करावं लागलं, बोलायला यायलाच महिने गेले. त्याच्यामुळे २००९ मध्ये तिथे कायदा झाला की कन्कशनचा नुसता संशय आला तरी मुलाला बाहेर काढायचं आणि डॉक्टरी परवानगीशिवाय परत घ्यायचं नाही, आणि २०१४ पर्यंत असा कायदा पन्नासच्या पन्नास राज्यांत झाला. टेक्सासमध्ये तो २०११ पासून आहे आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की मुलाला परत खेळायला सोडायचा निर्णय कोचने घ्यायचा नाही. म्हणजे भाचा जे लपवायचं म्हणतोय ते पकडता यावं म्हणूनच हा सगळा खटाटोप आहे, आणि पोराने तोंडच उघडलं नाही तर कायदा तरी काय करणार?

पोरं जाऊ देत, प्रोफेशनल लोकांचं बघा. २५ सप्टेंबर २०२२, मायामीचा क्वार्टरबॅक तुआ टॅगोवाइलोआ बफेलोविरुद्ध पडला, उठला, चालताना पाय लटपटले, सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. पाठीचं दुखणं आहे असं सांगून त्याला परत खेळवलं. चारच दिवसांनी सिनसिनाटीत त्याला पुन्हा आपटलं आणि तो जमिनीवर पडलेला असताना त्याची बोटं चेहऱ्यासमोर वाकडीतिकडी ताठरून राहिली होती. ज्यांनी ते पाहिलंय ते विसरणार नाहीत. त्याला स्ट्रेचरवरून नेलं. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये नियम बदलला, की तोल गेलेला दिसला की कारण काहीही सांगा, तो खेळाडू त्या दिवशी परत येणार नाही. हा बदल फॉरवर्डवाल्याला बायकी वाटतो का? आणि ती अमोनियाची कुपी, २०२५ मध्ये लीगने टीमना ती पुरवायलाच बंदी केली, कारण त्या झणक्याने मेंदूच्या दुखापतीची लक्षणं झाकली जाऊ शकतात. खेळाडूने स्वतःची आणली तर अजून चालते, जे मला पटत नाही.

आणि ते ‘पोलादी जुने खेळाडू’ म्हणतात ना, त्यातला सगळ्यात पोलादी माईक वेबस्टर. पिट्सबर्ग स्टीलर्स या टीमचा सेंटर, चार सुपर बोल (लीगची फायनल) जिंकलेला, ‘आयर्न माईक’ म्हणायचे त्याला. रिटायर झाल्यावर तो गाडीत झोपायचा, दुखण्यामुळे झोप लागत नाही म्हणून स्वतःला टेझरचे झटके देऊन घ्यायचा, पडलेले दात सुपरग्लूने चिकटवायचा. २००२ मध्ये गेला, वय अवघं ५०. त्याचा मेंदू तपासणाऱ्या डॉ. बेनेट ओमालू यांना त्यात सीटीई सापडला, म्हणजे वारंवार बसलेल्या धक्क्यांमुळे मेंदू हळूहळू सडवणारा आजार. त्यांनी २००५ मध्ये पेपर छापला तर लीगच्या स्वतःच्या समितीने तो मागे घ्या म्हणून पत्र लिहिलं. त्या मेंदूच्या समितीचे बरीच वर्षं अध्यक्ष कोण, तर सांध्यांच्या आजाराचे डॉक्टर. वेबस्टरच्या जिद्दीबद्दल मला आदरच आहे, पण ‘त्यांना काही झालं नाही’ हे त्याच्या नावाने तरी कोणी सांगू नये.

आता हेल्मेट काढा म्हणणारे. यात अर्धं खरं आहे हे मला मान्य करावं लागतंय. हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवतं, कन्कशन थांबवत नाही, आणि डोक्यावर टणक कवच असलं की माणूस डोकं पुढे घालून धडक मारतो हेही खरं. प्लास्टिकची हेल्मेट आणि पुढची जाळी सर्रास झाल्यावर साठच्या दशकात नेमकं तेच झालं, शाळा-कॉलेजात डोकं शस्त्रासारखं वापरायला शिकवायला लागले, एकट्या १९६८ मध्ये सगळ्या स्तरांवर मिळून ३६ जण मैदानावरच्या दुखापतींनी मेले. पण मग उपाय काय केला? हेल्मेट नाही काढलं, नियम बदलला! १९७६ मध्ये शाळा आणि कॉलेजात हेल्मेट पुढे करून मारायला बंदी आली. त्या वर्षी मान मोडून कायमचे अपंग झालेल्या मुलांची ३४ प्रकरणं होती, १९८४ मध्ये ५. हेल्मेटचे दर्जाही त्याच काळात ठरले आणि १९९० साली थेट दुखापतीने एकही मृत्यू झाला नाही. हेल्मेट काढून टाकलं असतं तर फुटलेल्या कवट्या मोजत बसावं लागलं असतं.

आणि रग्बीचं उदाहरण देणाऱ्याने रग्बीच्या बातम्या तरी वाचाव्यात. २००३ चा वर्ल्डकप जिंकलेल्या इंग्लंडच्या टीममधला स्टीव्ह थॉम्पसन, त्याला चाळिशीतच डिमेन्शियाचं निदान झालं आणि तो वर्ल्डकप जिंकलेला त्याला आठवत नाही. तिकडेही माजी खेळाडू कोर्टात गेलेत, तिकडेही टॅकलची (समोरच्याला धरून पाडायची) उंची खाली आणतायत. रग्बी हा पुरावा असेल तर तो फॉरवर्डच्या विरुद्ध बाजूचा आहे.

किकऑफवर मात्र मला जरा नीट बोलायचंय, कारण ‘नियम बदलून काही फरक पडत नाही, नुसती गंमत जाते’ हे वाक्य फॉरवर्डमध्ये दोनदा आलंय आणि त्याला आकड्यांत उत्तर आहे. जुना किकऑफ म्हणजे दोन्ही बाजूंची माणसं समोरासमोर लांबून पूर्ण वेगात पळत येऊन एकमेकांवर आदळणार. आयव्ही लीगने, म्हणजे हार्वर्ड-येल वगैरे कॉलेजांच्या लीगने, पाहिलं की २०१५ मध्ये किकऑफ सगळ्या प्लेजच्या (मॅचमधल्या एकेका चालीच्या) फक्त ६ टक्के, पण कन्कशन मात्र २१ टक्के तिथेच. मग त्यांनी २०१६ पासून बदल किती केला तर किक ३५ ऐवजी ४० यार्डावरून मारायची आणि टचबॅक (किक परत पळवली नाही तर बॉल जिथून खेळायला मिळतो ती जागा) २५ ऐवजी २० वर. बस. पाच-पाच यार्ड. २०१८ मध्ये जामा या मेडिकल जर्नलमध्ये निकाल आला: दर १००० किकऑफमागे कन्कशन १०.९३ वरून २.०४ वर. बाकीच्या प्लेजमध्ये एवढी घट नव्हती, त्यामुळे सगळीकडेच कमी झालं असेल असंही म्हणता येत नाही. एक रेघ पाच यार्ड सरकवली आणि पोरांची डोकी वाचली. यानंतरही कोणी नियमांनी काय होतं विचारत असेल तर त्याला खेळाडूंची पडलेलीच नाही एवढंच मी म्हणेन.

एनएफएलने २०२४ मध्ये केलं ते वेगळं, तिथे किक मारणाऱ्या बाजूचे दहा जण आधीच पुढे समोरच्यांच्या ४० यार्डावर जाऊन उभे राहतात, ब्लॉक करणारे त्यांच्यापासून पाच-दहा यार्डांवर, आणि बॉल खाली पडेपर्यंत किंवा कोणी पकडेपर्यंत कुणी हलायचं नाही. दिसायला विचित्र आहे, पहिल्यांदा पाहिल्यावर मलाही काहीतरी बिघडलंय असं वाटलं. पण ‘किकऑफ मारून टाकला’ हे सरळ खोटं आहे, आधीच्या सीझनमध्ये जेमतेम २२ टक्के किक परत पळवल्या जायच्या, त्या ३३ टक्क्यांच्या आसपास गेल्या आणि २०२५ मध्ये टचबॅक ३५ वर नेल्यावर अजून वाढल्या. मेला होता तो जुना किकऑफ. हा, अचानक ऑनसाइड किक (जवळच मारून बॉल स्वतःच परत मिळवायची किक) मारून सगळ्यांना चकवायची मजा गेली, त्याचं वाईट मलाही वाटतं. पण २०२४ मध्ये लीगनेच दिलेल्या आकड्यांत कन्कशन २१९ वरून १८२ वर आले, २०१५ पासून मोजायला लागल्यापासूनचा सगळ्यात कमी आकडा. लीगचे आकडे आहेत म्हणून ते थोडे जपूनच घ्यायचे, आणि सगळं श्रेय किकऑफचं नाही, पण दिशा तीच दिसते जी आयव्ही लीगमध्ये दिसली होती.

क्वार्टरबॅकचा मुद्दा. बरं, इथे फॉरवर्डवाल्याचं बऱ्यापैकी बरोबर आहे. २०१७ मध्ये क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सचं कॉलरबोन मोडल्यावर पुढच्या सीझनला ‘क्वार्टरबॅकवर पूर्ण अंगाचं वजन टाकायचं नाही’ यावर कडक फ्लॅग (फाउलचा दंड) द्यायला लागले आणि बचावपटू क्ले मॅथ्यूजला अगदी स्वच्छ टॅकलवर फ्लॅग मिळाले. मायामीचा विल्यम हेज तर क्वार्टरबॅकवर वजन पडू नये म्हणून अंग चोरायला गेला आणि स्वतःच्याच गुडघ्याचं लिगामेंट तोडून बसला, सीझन संपला त्याचा. रेफ्रींची मनमानी चालते, मॅचचा निकाल फिरतो, मीही टीव्हीसमोर ओरडतो. पण यावरून नियम नीट लिहा, रिप्ले बघून फ्लॅग मागे घ्यायची सोय करा, एवढंच निघतं. खाली पडणाऱ्या माणसावर सव्वाशे किलोचं धूड मुद्दाम आपटू द्या असं निघत नाही.

लोकांनी बघणं सोडलं म्हणे. फेब्रुवारी २०२५ चा सुपर बोल सरासरी १२ कोटी ७७ लाख लोकांनी पाहिला, तोपर्यंतचा अमेरिकेतला विक्रम. पुढे.

शेवटचा मुद्दा, मीडियाचं पिल्लू आणि ‘त्यांना माहीत असतं’. बॉस्टन युनिव्हर्सिटीत डॉ. ॲन मॅकी यांच्या टीमने २०१७ मध्ये सांगितलं की तपासायला आलेल्या १११ एनएफएल खेळाडूंच्या मेंदूंपैकी ११० मध्ये सीटीई सापडला. आता हे मेंदू ज्या घरच्यांना आधीच शंका होती त्यांनीच दिलेले, त्यामुळे ९९ टक्के खेळाडूंना हा आजार होतो असा अर्थ काढायचा नाही, आणि जिवंत माणसात त्याचं पक्कं निदान अजून करता येत नाही. एवढं फॉरवर्डवाल्याला देऊन टाकतो. पण त्याच लोकांनी पुढे दाखवलं की जितकी वर्षं फुटबॉल जास्त, तितकी शक्यता दर वर्षाला साधारण ३० टक्क्यांनी वाढते, आणि ती निदान झालेल्या कन्कशनवर नाही तर वर्षानुवर्षं बसणाऱ्या एकूण धक्क्यांवर अवलंबून दिसते. आणि मार्च २०१६ मध्ये खुद्द एनएफएलच्या आरोग्य आणि सुरक्षेच्या प्रमुखाने अमेरिकी काँग्रेसच्या (संसदेच्या) सदस्यांसमोर फुटबॉल आणि सीटीईचा संबंध आहे म्हणून कबूल केलं. लीगच मान्य करतेय तर फॉरवर्डवाला कुणाची वकिली करतोय?

‘माहीत असतं’ याचं तर काय बोलणार. वेबस्टर खेळत होता तेव्हा त्याला कोण सांगणार होतं? लीगची समिती १९९४ ला स्थापन झाली आणि पुढची कित्येक वर्षं धोका नाही असंच छापत राहिली. साडेचार हजारांवर माजी खेळाडू कोर्टात गेले ते माहिती लपवली म्हणूनच. तडजोडीनंतर भरपाई द्यायची वेळ आली तेव्हा काळ्या खेळाडूंची बुद्धी मुळात कमी होती असं गृहीत धरणाऱ्या फॉर्म्युल्याने त्यांचे दावे मोजले जात होते, तो प्रकार बंद करायचं कबूल व्हायला २०२१ उजाडलं. करोडोंचं म्हणाल तर ते मोजक्या नावांना, खेळाडूंच्या युनियनच्या हिशोबाने सरासरी करिअर साडेतीन वर्षांचंही नसतं.

आणि हे सगळे नियम वरून लादले, खेळाडूंना नकोत, असं जे सुचवलंय तेही अर्धवट आहे. काही नियमांना त्यांचा विरोध असतो, २०२४ च्या हिप-ड्रॉप टॅकलच्या (मागून धरून समोरच्याच्या पायांवर अंग टाकून पाडायच्या) बंदीला युनियनने उघड विरोध केला होता. पण लीग आणि युनियनच्या २०११ च्या करारात पूर्ण पॅड घालून करायच्या प्रॅक्टिस अख्ख्या रेग्युलर सीझनमध्ये फक्त १४ वर आणल्या, आणि ते युनियनने टेबलावर बसून भांडून मिळवलं होतं.