शेणकिड्यांवर औषध मारू नका

काल मामांचा फोन. "अरे, पंप काढलाय, परड्यातले शेणकिडे मारून टाकतो." कारण तोच सगळीकडे फिरणारा मेसेज: मुंगी वजनाच्या ५,००० पट उचलते, तिच्याएवढा ताकदवान कीटक नाही, शेणकिडा मात्र ऐतखाऊ, रोग पसरवणारा, दिसला की मारा. मामांकडे आठ गुरं आहेत, म्हणून गप्प बसवत नाही.

५,००० चा आकडा आला कुठून? अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात एका जातीच्या मुंग्यांची डोकी चकतीला चिकटवून गरगर फिरवली. वजनाच्या ३,४०० ते ५,००० पट ताणाला मान तुटली. हा मानेचा चिवटपणा झाला, उचलणं नव्हे! आपल्या आंब्यावरची ओंबील काचेला उलटी लटकून शंभर पट वजन तोंडात धरते, हे मात्र खरं.

आता शेणकिडा. रॉब नेल आणि ली सिमन्स या शास्त्रज्ञांनी २०१० साली ऑन्थोफॅगस टॉरस या शिंगवाल्या जातीला दोरा लावला, कप्पीवरून इवलीशी बादली सोडली आणि पाणी वाढवत नेलं. एका नराने वजनाच्या १,१४१ पट ओढ पेलली. म्हणजे ७० किलोच्या माणसाने ८० टन! बिळाच्या तोंडाशी शिंगात शिंग अडकवून दुसऱ्या नराला रेटायला ही ताकद लागते.

सगळ्यात संताप आणणारं म्हणजे 'ऐतखाऊ, रोग पसरवतो'. ऑस्ट्रेलियातले मूळचे शेणकिडे कांगारूंच्या लेंड्यांना सरावलेले. गाईंच्या शेणाचे पो महिनोन्महिने तसेच वाळत पडायचे, खालचं गवत मरायचं, माश्या माजायच्या. शेवटी १९६० च्या दशकापासून जॉर्ज बोर्नेमिसा या शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने तिथे बाहेरून शेणकिडे आणून सोडले. हा टॉरसही त्यांतलाच. आणि आपण फुकट मिळालेले मारायचे? पावसाळ्यात सकाळी काठीने एक पो उलटून बघा. खाली भोकं, कडेला उकरलेल्या मातीचे ढीग. शेण रातोरात जमिनीत गेलेलं असतं, माशीला अंडी घालायला उरतं काय?

एक कबूल करतो. खताच्या खड्ड्यात गेंड्या भुंग्याच्या अळ्या होतात आणि तो भुंगा माडाचा कोंब पोखरतो. पण तो वेगळा भुंगा आहे.

तेव्हा मामा, खड्ड्यातल्या जाड, पांढऱ्या, वाकड्या अळ्या वेचा, त्यांना मारणारी मेटारायझियम बुरशी टाका. ताज्या शेणावर थेंबभरही औषध नको. पंप माळ्यावर ठेवा, शनिवारी येतोच आहे.