सहलीतला ‘अनाथाश्रमाचा दिवस’

सुट्ट्यांची बुकिंगं सुरू झाली की दादर-मुलुंडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हटकून फिरतो. कंबोडिया किंवा नेपाळला चाललाय ना? मग एक दिवस खरेदीला फाटा द्या आणि तिथल्या अनाथाश्रमात जा. खाऊ न्या, गाणी म्हणा, पोरांना जवळ घ्या. अनाथ मुलांना माया मिळते, आश्रमाला मदत होते, आपल्या मुलांवर संस्कार होतात आणि नुकसान कुणाचंच नाही. खाली हात जोडलेले तीन इमोजी.

संस्कारांचं ज्याचं त्यानं पाहावं. बाकीचं मात्र तपासायला हवं.

आधी ‘अनाथ मुलं’. कंबोडियात २००५ ते २०१० या काळात अनाथाश्रम ७५ टक्क्यांनी वाढले, अशी युनिसेफची नोंद आहे. त्या पाच वर्षांत अनाथ मुलं काही एवढी वाढली नव्हती. पर्यटक मात्र वाढले होते. शिवाय आश्रमांतल्या दर चार मुलांपैकी साधारण तिघांची आई किंवा वडील हयात होते. नेपाळची तऱ्हा आणखी वाईट. हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यातून ‘शहरात चांगली शाळा मिळेल’ असं सांगून दलाल पोरं न्यायचे, वर आईबापांकडूनच पैसे घ्यायचे. काठमांडूत पोचेपर्यंत कागदोपत्री ते आईबाप मेलेले असायचे. तिथले बहुतेक आश्रम काठमांडू खोरं, पोखरा आणि चितवन भागातच का आहेत, हे टूरचं पत्रक हातात घेऊन पाहा. ऑस्ट्रेलियाने २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला, तेव्हा मुलांना असं खोटंच अनाथ ठरवून आश्रमात आणण्याचा प्रकारही गुलामगिरीच मानला गेला.

‘मुलं कशी बिलगतात बघा!’ हा भाग सगळ्यांना विरघळवतो. तीन वर्षांची पोर अनोळखी बाईला पाहताच धावत येते, हात वर करते, मांडीवर बसते, गळ्यातल्या मंगळसूत्राशी खेळते. आता हेच आपल्या नातीने लोकल ट्रेनमध्ये केलं तर? आपण दचकू. त्या वयाचं मूल परक्याला बघून आईच्या पदराआड जातं, ते त्याच्या घट्ट नात्याचं लक्षण. रोमानियातल्या संस्थांत वाढलेल्या मुलांवर बुखारेस्टमध्ये २००० सालापासून मोठा अभ्यास झाला. कुणाही परक्याच्या मागे जाण्याची ही सवय त्यात ठळक दिसली. म्हणजे ज्याला आपण माया समजून फोटो काढतो, ती मायेच्या उपासमारीची खूण. संध्याकाळी आपण बसमध्ये चढतो. दुसऱ्या दिवशी दुसरी बस येते, तिसऱ्या दिवशी तिसरी.

आश्रमाला मदत? पाहुण्यांच्या पैशावर चालणाऱ्या ठिकाणी मूल घरी परत गेलं की उत्पन्न घटतं, आणि मुलं ठणठणीत दिसली तर पाहुण्यांचा हात सैल सुटत नाही. कंबोडियातल्या सिएम रीप या पर्यटनाच्या शहरात मुलांना पाहुण्यांपुढे नाचवण्याचे, रस्त्यात पत्रकं वाटायला लावण्याचे प्रकार झालेले आहेत.

राहिलं ‘नुकसान कुणाचंच नाही’. ज्या दारातून आपल्याला कसलीही चौकशी न करता आत घेतात, त्याच दारातून वाईट हेतूचा माणूसही आत शिरतो. आणि फोटोंचं काय? आपल्याकडे बालन्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. तेच काम परदेशात केलं की सेवा होते, हे अजब आहे. (वाढदिवसाला इथल्या आश्रमात केक घेऊन जाणाऱ्यांनीही हे कलम एकदा वाचावं. ताटं पाठवा, कॅमेरा घरी ठेवा.)

‘मग काहीच करायचं नाही का?’ हा प्रश्न येणारच. मूल घरातच राहील असं काही करा. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेत एक पालक गमावलेल्या मुलालाही दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात, आणि मूल आईजवळच राहतं. अर्ज अडतो तो उत्पन्नाच्या दाखल्यापाशी, मृत्यूच्या दाखल्यापाशी. मानखुर्दच्या एखाद्या विधवेला त्यासाठी रोजंदारी बुडवून खेपा घालाव्या लागतात. ग्रुपवर निवृत्त झालेले मंत्रालयातले आणि बँकेतले लोक ढिगाने आहेत. कागदपत्रं कशी लावायची हे त्यांना झोपेतही जमतं.