पाठ बघू, काका

जुळे सोलापुरात आमच्या घरापुढे एक कडुनिंब आहे आणि एक देशी बदाम. कडुनिंबाची पानगळ उन्हाळ्याच्या तोंडावर एकदाची उरकते. बदामाला पान टाकायला निमित्त लागत नाही. त्यात मी हौसेनं अंगणात बारीक खडी पसरलेली. खराटा मारला की पानांआधी खडीच फाटकाबाहेर. म्हणून ठरवलं, पाठीवर अडकवायचा, हवेच्या झोतानं पानं उडवणारा पेट्रोलचा ब्लोअर घ्यायचा.

आठ दिवस अभ्यास केला. सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा, एमपीएच म्हणजे ती नळीतून सुटते किती वेगानं. सुक्या पानांचा ढीग ढकलायला पहिला आकडा मोठा हवा, फरशीला चिकटलेलं ओलं पान उचकटायला दुसरा. हे सगळं मी जेवताना हिला ऐकवलं.

"आणि आवाज?"

"कानाला लावायचं वेगळं मिळतं."

"दोन आणा. एक आत्ताच लावते."

शेती अवजारांच्या दुकानात पहिलाच प्रश्न आला, "बाग किती एकर?" या जिल्ह्यात पाठीवरचं यंत्र मागणारा माणूस डाळिंबवालाच असणार, हे त्यानं धरूनच चाललेलं.

"बाग नाही ओ, अंगण आहे."

"झाडं?"

"दोन."

त्यानं हातातला कॅल्क्युलेटर खाली ठेवला. तरी दोन मशिनी काढल्या. टू-स्ट्रोक. "1 लिटर पेट्रोलला 40 मिली ऑईल. पुस्तकात 50 ला 1 लिहिलं असलं तर 20 च. ऑईल विसरलात की पिस्टन जाम." मला दादांची जुनी स्कूटर आठवली. रोज सकाळी तिला आधी आडवी निजवायची, मग किक मारायची.

"चालवणार कोण, गडी?"

"मीच."

मग मात्र तो काउंटरमागून बाहेर आला आणि माझ्याभोवती एक चक्कर मारली. गड्ड्याच्या यात्रेत जनावरांच्या बाजारात खोंड बघतात ना, तसं. दात तेवढे बघितले नाहीत. "पाठ बघू, काका. कंबर दुखती का?"

"छे!" (बेल्ट शर्टाच्या आत होता.)

त्यानं मशीन चढवलं. 10 किलो, पेट्रोल वेगळं. "कमरेचा पट्टा लावा, वजन खांद्यावर नको." पट्टा पोटाला वळसा घालून बकलापर्यंत पोचेना. मी श्वास रोखून पोट आत घेतलं. खट्!

"आता चालू करा."

मला बोलता येईना. नुसतंच 'कसं' अशी मान हलवली.

"अहो, ते खाली ठेवून दोरी ओढायची. मग चालूच उचलून पाठीवर घ्यायचं."

काढलं. दोरी ओढली. चौथ्या ओढीला खांद्यात काहीतरी वाजलं, सहाव्याला इंजिन. शेजारच्या पानपट्टीवाल्यानं सवयीनं कात-चुन्यावर फडकं टाकलं. मी मशीन उचलायला वाकलो आणि तसाच राहिलो.

दुकानदारानं आधी इंजिन बंद केलं, मग मला सरळ. माझा नंबर मात्र लिहून घेतला.

घरी आलो तर ही दारातच. "काय, पसंत पडला?"

"कळवतो म्हणालेत."