तो ट्रम्पेट कोणी वाजवला?

गेल्या महिन्यात आमच्या शहरातल्या एका नाट्यगृहात जुन्या हिंदी गाण्यांचा कार्यक्रम होता. 'शोला जो भडके' सुरू झाले, शेवटच्या रांगेतला विशी-बाविशीचा एक मुलगा ट्रम्पेट घेऊन उभा राहिला, आणि त्याने आपला तुकडा असा काही स्वच्छ वाजवला की माझ्या शेजारी बसलेल्या, तोवर पेंगत असलेल्या आजोबांनी डोळे उघडून "वा!" म्हटले. गाण्याला वन्स मोअर मिळाला आणि तो गायकाइतकाच त्या मुलाचा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मध्यंतरात मी हातातली पत्रिका उलटीसुलटी करून पाहिली. गायकांची छायाचित्रे होती, निवेदकाचे नाव होते, ध्वनी आणि प्रकाशयोजनेचे होते, पैठणीच्या दुकानाची अर्धे पान जाहिरात होती आणि सर्वांत खाली 'व सहकारी' असे दोन शब्द होते. आयोजकांना गाठून त्या मुलाचे नाव विचारले, तेव्हा ते अगदी निरागसपणे म्हणाले, "कोण, तो ट्रम्पेटवाला? नाव नाही बुवा ठाऊक. अरेंजर घेऊन आलेत त्याला."

मी आयोजकांवर रागावलो नाही. ज्या चित्रपटांची गाणी ते विकतात, त्या चित्रपटांनीच त्यांना ही रीत शिकवली आहे. हिंदी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत केशभूषाकार असतो, प्रॉडक्शन मॅनेजर असतो, क्वचित ज्यांनी बंगला वापरायला दिला त्या शेठजींचे आभारही असतात. पण ज्या माणसाच्या फुंकरीने गाण्याचे पहिले चार सेकंद आपल्या कानात कायमचे बसले, तो बहुतेक वेळा कुठेच नसतो. संगीतकाराचे नाव येते, गीतकाराचे येते, गायकांची येतात, फार तर साहाय्यकाचे किंवा अरेंजरचे, म्हणजे कोणत्या वाद्याने काय वाजवायचे ते लिहून देणाऱ्याचे, येते आणि पाटी सरकते.

'शोला जो भडके'चीच गोष्ट घ्या. ते ज्या चित्रपटातले, तो 'अलबेला' १९५१चा. त्याचे नायक-दिग्दर्शक भगवानदादा दादरचे, संगीतकार सी. रामचंद्र म्हणजे आपले रामचंद्र नरहर चितळकर, पुणतांब्याचे. मराठी माणसाने या चित्रपटाचा अभिमान बाळगावा, यात काहीच वावगे नाही. परंतु त्या संगीतातला जो झुलता, नाचरा, लॅटिन अमेरिकेकडचा ढंग आहे, त्याच्यामागे सी. रामचंद्रांचा साहाय्यक आणि ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट उभा आहे. गोव्यात, बार्देशातल्या हळदोण्यात १९१६ साली जन्मलेला हा माणूस मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात बँड चालवत असे आणि अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगचा त्याच्यावर इतका प्रभाव होता की लोक त्याला भारताचा आर्मस्ट्राँगच म्हणत. 'शहनाई'मधले 'आना मेरी जान संडे के संडे', 'समाधी'मधले 'गोरे गोरे ओ बांके छोरे' आणि मग 'अलबेला' या सगळ्या काळात तो सी. रामचंद्रांच्या बरोबर होता. 'अलबेला'त तो आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. त्याच वर्षीच्या 'नादान'ला तर संगीतकार म्हणून त्याचेच नाव आहे. म्हणजे अनामिकांच्या या जमातीतला हा त्यातल्या त्यात नशीबवान माणूस; आणि गंमत पाहा, ज्याचे नाव पाटीवर आले त्याचेही खरे नाव आलेच नाही. ते होते आंतोनियो झेवियर वाझ. १९६७ साली तो गेला.

चिक चॉकलेटला निदान टोपणनाव तरी मिळाले. त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला बसून हार्मनी वाजवणाऱ्यांना तेही मिळाले नाही.

हे वादक एवढ्या संख्येने गोव्याचेच का होते, याचे कारण साधे आहे. पोर्तुगीज अमदानीत तिथल्या चर्चच्या शाळांतून 'मेस्त', म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत आणि व्हायोलिन किंवा फुंकीचे एखादे वाद्य हातात देत. पोटासाठी मुंबईला आलेली ही मुले धोबी तलावच्या जेर महालासारख्या इमारतींतल्या 'कुडां'मध्ये, म्हणजे आपापल्या गावच्या मंडळींनी चालवलेल्या खोल्यांमध्ये, पथारी टाकत आणि हॉटेलांच्या बँडमध्ये वाजवत. १९४९च्या दारूबंदी कायद्याने हॉटेलांतल्या रात्री फिक्या पडल्या आणि नेमक्या त्याच सुमारास चित्रपटसंगीताला मोठे वाद्यवृंद हवेसे झाले. समोर ठेवलेला कागद पाहून पहिल्याच वाचनात अचूक वाजवू शकणारा माणूस स्टुडिओला सोन्याच्या मोलाचा होता. ही विद्या गोव्याबाहेरच्यांनाही अवगत होती, हेही सांगायला हवे: लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतल्या प्यारेलाल यांचे वडील पंडित रामप्रसाद शर्मा हे मूळ गोरखपूरचे, ट्रम्पेटवादक, आणि मुंबईतल्या कितीतरी वादकांना त्यांनी स्वरलिपी शिकवली. त्याच प्यारेलालनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूचे, अँथनी गोन्साल्विस यांचे नाव १९७७ साली 'अमर अकबर अँथनी'तल्या एका गाण्यात अजरामर केले. एका गोवेकर वादकाचे नाव देशभर पोहोचले खरे. पण ते अंड्यातून बाहेर पडणाऱ्या अमिताभ बच्चनच्या तोंडून, आणि असा माणूस खरोखरच आहे याचा पत्ता बहुतेकांना नव्हता.

आता ट्रम्पेटच का, तबला किंवा सतार का नाही, असे कोणी विचारील. नाव सगळ्यांचेच यायला हवे. मात्र ट्रम्पेटचा प्रश्न मला जवळचा आहे, कारण लहानपणी आमच्या चाळीत वरच्या मजल्यावर एक ट्रम्पेटवादक राहत असत. आम्ही त्यांना अंकल म्हणत असू. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ते रियाजाच्या वेळी कपड्यांचे कपाट उघडत आणि टांगलेल्या कोटांमध्ये ट्रम्पेटचे तोंड खुपसून एकेक लांब सूर धरत. अर्धा तास सूर, मग पाच मिनिटे विश्रांती, मग पुन्हा सूर. ओठ हे या वाद्याचे अर्धे यंत्र आहे. तीन कळांवर काही मोजकेच सूर निघतात, बाकीचे ओठांच्या ताणावर आणि श्वासाच्या दाबावर काढावे लागतात, आणि ओठ थकले की उत्तमातल्या उत्तम वादकाचाही सूर फुटतो. सतारीची तार उतरली तर ती चढवता येते. ओठ उतरले की त्या दिवसापुरता कारभार आटोपला.

हा तपशील त्या काळच्या ध्वनिमुद्रणाशी जोडून पाहा, म्हणजे त्या माणसांच्या कामाचे वजन कळेल. अनेक ट्रॅकवर वेगवेगळे वाजवून नंतर जुळवण्याची सोय येण्यापूर्वी अख्खे गाणे एका दमात मुद्रित होत असे. पन्नास-साठ वादक एका दालनात, गायक आडोशाला, आणि ट्रम्पेटवाले आवाज मोठा म्हणून माइकपासून सर्वांत लांब भिंतीपाशी. कोणाचीही चूक झाली की सगळे गाणे पहिल्यापासून. व्हायोलिनच्या वीसजणांत एकाचा गज किंचित घसरला तर तो झाकला जाण्याची शक्यता असे. ट्रम्पेटची चूक झाकण्याची कसलीच सोय नव्हती. तीन मिनिटांच्या गाण्यात अडीच मिनिटे गप्प बसून ओठ थंड होऊ द्यायचे, मनातल्या मनात मात्रा मोजत राहायचे आणि नेमक्या क्षणी उंच सूर पहिल्या फटक्यात पकडायचा, तोही गायकाच्या चुकीमुळे झालेल्या दहाव्या रिटेकला. एवढे करून शिफ्ट संपली की पैसे घ्यायचे आणि पुढचा स्टुडिओ गाठायचा.

अंकलकडे एक खिशातली वही होती. ती मी नंतर, त्यांच्या मुलीच्या परवानगीने, पाहिली. तारीख, स्टुडिओ, शिफ्ट, रक्कम, असे चार रकाने. कधी ताडदेव, कधी परळ, कधी वांद्रे. गाण्याचे नाव एकाही पानावर नाही. मुलीने सांगितले की अंकलना ते बहुधा ठाऊकच नसे. पुढ्यात येणाऱ्या कागदावर सूर असत, शब्द नसत. पुढे कधीतरी इराण्याच्या हॉटेलात रेडिओवर गाणे लागले की ते चहाचा कप खाली ठेवून म्हणत, "हा मी." त्या 'हा मी'ला दुसरा कोणताही पुरावा नाही.

या विषयावर बोलले की दोन-तीन ठरलेले आक्षेप येतात. पहिला, की त्यांना कामाचे पैसे मिळाले होते, मग तक्रार कसली? पैसे तर गायकालाही मिळाले होते आणि संवादलेखकालाही. मोबदला आणि नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याला फक्त वादकाच्या बाबतीत कळेनासे होते. दुसरा आक्षेप जागेचा: साठ नावे लिहायची कुठे? सत्तर एम.एम.च्या पडद्यावर आणि ध्वनिमुद्रिकेच्या फुटभर वेष्टनावर साठ नावे मावत नव्हती, हे मला पटत नाही. आणि आज गाण्याची फाइल भरताना तर जागेचा प्रश्नच उरलेला नाही.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो मी मनावर घेतो. सूर संगीतकाराचा किंवा अरेंजरचा, वादकाने तो फक्त वाजवला, असे त्याचे स्वरूप आहे. पुष्कळदा हे खरेही आहे. सेबॅस्टियन डिसोझांसारख्या अरेंजरने लिहिलेल्या ओळीचे श्रेय वाजवणाऱ्याला देऊन टाकणे हा उलट्या बाजूचा अन्यायच होईल, आणि अलीकडे 'ती सगळी गाणी मुळात गोवेकरांनीच केली' अशा थाटाची जी विधाने फिरतात, तीही मला तितकीच बेजबाबदार वाटतात. सी. रामचंद्रांची चाल ही सी. रामचंद्रांचीच. परंतु लिहिलेला सूर आणि वाजलेला सूर यांत अंतर असते. ट्रम्पेटच्या तोंडात आवाज दाबणारा म्यूट कोणता लावायचा, सूर सरळ धरायचा की थरथरवायचा, ओळीच्या शेवटी किंचित रेंगाळायचे की झटकन तोडायचे, हे कागदावर नसते. लतादीदींनीही दुसऱ्याचीच चाल गायली. म्हणून कोणी त्यांचे नाव वगळा म्हणत नाही.

किंबहुना एके काळी तसेच करत असत. 'महल'च्या 'आयेगा आनेवाला'च्या तबकडीवर गायिका म्हणून लताबाईंचे नव्हे, तर पडद्यावरच्या पात्राचे, 'कामिनी'चे नाव छापलेले होते. ही १९४९ची गोष्ट. गायकांचे नाव ही मुळात आपोआप चालत आलेली रीत नाही, ती भांडून मिळवलेली आहे, आणि भांडणाऱ्यांत एका मराठी बाईचा आवाज सर्वांत ठाम होता. वादकांना तसे भांडता आले नाही, कारण गायक नाही म्हणाला तर गाणे अडते आणि तिसरा ट्रम्पेट नाही म्हणाला तर चौथा येतो.

आता कायद्याकडे येतो, कारण माझा खरा राग तिथे आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने 'परफॉर्मर' म्हणजे कलावंत या शब्दाची व्याख्या आली. तिच्यात नट, गायक, वादक, नर्तक, डोंबारी, जादूगार आणि गारुडीसुद्धा आहे. पुंगी वाजवणाऱ्याची आठवण ठेवणाऱ्या कायद्याने ट्रम्पेट वाजवणाऱ्याचीही ठेवली, असे वाटून बरे वाटते, तोच २०१२च्या दुरुस्तीत जोडलेले एक परंतुक, म्हणजे 'परंतु' म्हणून घातलेला अपवाद, समोर येते. चित्रपटात ज्याची कामगिरी किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रूढीप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत किंवा अन्यत्र कुठेही दिले जात नाही, त्याला, कामगिरीची विकृत मोडतोड रोखण्याचा अपवाद सोडला तर, कलावंत मानायचे नाही, असा त्याचा आशय आहे. त्याच दुरुस्तीने कलावंताला आपले नाव दिले जावे अशी मागणी करण्याचा हक्क दिला आणि व्यावसायिक वापरातून स्वामित्वधनाचा वाटाही दिला. एकत्र वाचा: तुझे नाव देण्याची रीत नाही, म्हणून तू कलावंत नाहीस, आणि तू कलावंत नाहीस, म्हणून नाव मागण्याचा हक्क तुला नाही. परंतुकाला 'किरकोळ किंवा प्रासंगिक' ही दुसरीही अट आहे, हे मी विसरलेलो नाही, आणि गाण्याची ओळखच असलेला ट्रम्पेटचा तुकडा किरकोळ कसा, असा युक्तिवाद चांगला वकील नक्की करील. पण शिफ्टवर जगणाऱ्या वादकाने तो वकील कुठून आणायचा?

'अलबेला'च्या वादकांना यातले काहीच लागू नाही. कलावंताच्या हक्काची मुदतच पन्नास वर्षांची आहे. त्यांच्यासाठी आता फक्त नाव उरते, आणि म्हणून ज्यांच्या घरी अंकलसारख्या वह्या आहेत, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत, एवढे मी हात जोडून सांगतो. आज वाजवणाऱ्यांच्या बाबतीत मात्र नाव ही नुसती शाल-नारळाची गोष्ट नाही. हक्काचे दार त्याच किल्लीने उघडते.

याच वादकांना त्यांच्या स्वतःच्या भाषेत, कोंकणीत, वेगळी वागणूक मिळाली, ही नोंदही करायला हवी. मडगावच्या बोर्ड्याचा क्रिस पेरी ट्रम्पेटच वाजवत असे, पण लॉर्नाने गायलेल्या त्याच्या कोंकणी गाण्यांमुळे तो गोव्यात घरोघरी नावानिशी ठाऊक आहे. फ्रँक फर्नांड हाही ट्रम्पेटवाला. हिंदीत त्याने मोठमोठ्या संगीतकारांचा साहाय्यक म्हणून उमेदीची वर्षे काढली आणि मग कोंकणीत 'आमचें नशीब' आणि 'निर्मोण' हे चित्रपट स्वतः काढले. ताडदेवला जे 'व सहकारी' होते, ते मांडवीपलीकडे माणसे होती.

त्या आयोजकांचा पुढचा कार्यक्रम येत्या रविवारी आहे. पत्रिका छापायला जाण्याआधी मी त्यांना फोन केला आणि वादकांची नावे घालण्याचा आग्रह धरला. ते म्हणाले, "मग ढोलकवाल्याचंही टाकावं लागेल." मी म्हटले, टाका. थोडा वेळ ते गप्प राहिले, मग म्हणाले की जाहिरातीचा आकार जरा कमी करावा लागेल, बघतो. काल पत्रिका आली. अकरा नावे आहेत. ट्रम्पेटवादकाच्या आडनावातली एक वेलांटी चुकली आहे. त्याने ती पाहिली, हसला, आणि आयोजकांकडून आणखी चार प्रती मागून घेतल्या.