"रनिंग-इन झालं की ऑइल प्रेशर आपोआप येतं" हे चुकीचं आहे, आणि क्रँक गेला की परत मिळत नाही

जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांमध्ये एक मेसेज फिरतोय, मला आत्तापर्यंत चार वेगवेगळ्या लोकांनी पाठवला. त्यात म्हटलंय की इंजिनचं काम नवीन केलं आणि प्रेशर कमी दिसतंय तर घाबरू नका, ५०० किलोमीटर चालवा, आपोआप येईल. तोवर ९० नंबर ऑइल (गिअरबॉक्सचं) टाका, रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वायसर घाला, तरी नाही आलं तर ऑइल पंप बदला. आणि डॅशबोर्डवरचा ऑइल प्रेशरचा दिवा विझत असेल तर मुळात प्रॉब्लेमच नाही.

यातलं एकेक घेऊन बोलायलाच हवं, कारण प्रीमियर पद्मिनीचं उत्पादन बंद होऊन दोन दशकं उलटली, कुर्ल्याच्या कारखान्यातून आता काही येणार नाहीये, आणि आपल्या गाड्यांचे क्रँक (पिस्टनांनी फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) आधीच १०, २०, ३० थाउ (इंचाचा हजारावा भाग) ग्राइंड होऊन बसलेत. अजून एकदा घासायला जागा उरली नाही तर गाडी उभी राहते, बस.

पहिलं, रनिंग-इन, म्हणजे नवीन काम केलेलं इंजिन सुरुवातीला जपून चालवणं. त्यात बसतात त्या पिस्टनच्या रिंगा. नवीन रिंग आणि होन केलेला (बारीक घासलेला) सिलिंडरचा बोअर एकमेकांना घासून सील होतात, त्याने कॉम्प्रेशन सुधारतं, ऑइल खाणं कमी होतं. क्रँक ज्यात फिरतो त्या बेअरिंगचं तसं नसतं, बेअरिंग झिजलं की त्याच्या आणि क्रँकच्या मधली गॅप वाढणार, कमी कशी होईल? म्हणजे इंजिनचं प्रेशर सगळ्यात चांगलं पहिल्या दिवशी असायला हवं. पहिल्याच दिवशी कमी असेल तर ५०० किलोमीटर चालवून आपण फक्त ५०० किलोमीटरची झीज विकत घेतो.

दुसरं, ९० नंबर. हे वाचून खरंच वाईट वाटतं. गिअर ऑइलचे नंबर आणि इंजिन ऑइलचे नंबर या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत, गिअरचं ९० हे गरम झाल्यावर साधारण इंजिनच्या ४० ते ५० एवढंच जाड असतं. म्हणजे २० डब्ल्यू ५० (आपलं नेहमीचं इंजिन ऑइल) काढून ९० टाकलं तर जाडी वाढतच नाही म्हणा ना! वर गिअर ऑइलमधली गंधकाची केमिकल्स इंजिनच्या उष्णतेत पितळी बुशांना खातात, आणि काजळी धरून ठेवणारं डिटर्जंट त्यात नसतं ते वेगळंच. खरंच जाड ऑइल टाकलं तर मीटरचा काटा वर जाईल, पण गळती जिथे आहे तिथे तशीच राहील आणि थंडीत सकाळी स्टार्ट करताना ऑइल वरपर्यंत पोचायला अजून उशीर.

आता तिसरं आणि चौथं एकत्रच, कारण दोन्हीमागे एकच गैरसमज आहे की पंप प्रेशर बनवतो. पंप फक्त ऑइल ढकलतो. प्रेशर बनतं ते ऑइलला बाहेर पडायला जागा किती कमी आहे त्यावर, आणि बेअरिंगच्या गॅपमधून जाणारं ऑइल गॅपच्या घनाच्या हिशोबाने वाढतं, म्हणजे ०.०५ मिमीची गॅप ०.१० झाली तर ऑइल दुप्पट नाही, आठपट निसटतं. म्हणून थोडं जास्त ग्राइंड झालेला क्रँक नवीन शेलमध्येही (बेअरिंगच्या पट्ट्यांमध्ये) प्रेशर धरत नाही. रिलीफ व्हॉल्व्हचं काम उलटं आहे, प्रेशर ठराविक हद्दीच्या वर गेलं की जादा ऑइल परत सोडायचं. गरम इंजिन स्लोवर (रेस न देता) असताना तो आधीच बंद असतो, मग बंद दरवाज्याला वायसर घालून काय मिळणार? फक्त थंड इंजिनला प्रेशर गरजेपेक्षा वर जाईल, पंपाच्या गिअरवर आणि फिल्टरच्या सीलवर ताण येईल. हां, व्हॉल्व्हमध्ये मेटलचा कचरा अडकून तो उघडाच राहिला असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून काढून धुवा, प्लंजर बोटाने सरकतोय का बघा, पण स्प्रिंगला हात लावू नका. पंपही बदलण्याआधी उघडून कव्हर आणि गिअरमधली फट फीलर गेजने मोजा, कव्हरचं पॅकिंग गरजेपेक्षा जाड बसवलेलं मी दोनदा बघितलंय.

दिव्याबद्दल थोडक्यात. तो दिवा साधारण ५ पीएसआयच्या (प्रेशर मोजायचं एकक) आसपास विझतो. त्यावर इंजिन सुरक्षित आहे हे कळत नाही. दिव्याचा प्रेशर स्विच काढून तिथे मेकॅनिकल मीटर लावा, पहिलं काम हेच, कारण कधीकधी हा स्विच किंवा मीटरचा सेंडरच खोटं बोलतो आणि आपण इंजिन खोलत बसतो.

मग काटा काय सांगतो ते बघा. थंड असताना छान आणि गरम झाल्यावर स्लोवर पडतो, रेस दिली की चढतो, तर गॅप. थंड-गरम दोन्हीत कमी आणि रेस देऊनही हलत नाही, तर मोठी गळती, म्हणजे गॅलरीचा (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटेचा) एखादा प्लग बसवायचा राहिलाय किंवा व्हॉल्व्ह अडकलाय. काटा थरथरतोय, तर पंपाला ऑइल ओढून देणाऱ्या जाळीच्या पाइपच्या जॉइंटमधून हवा ओढली जातेय, किंवा ऑइलची लेव्हलच कमी.

आमच्या वडिलांच्या पद्मिनीला गरम झाल्यावर स्लोवर ६ पीएसआय होतं, काम करून आठवडाही झाला नव्हता. सगळे म्हणाले क्रँक. आम्ही इंजिनखालचं ऑइल चेंबर खाली घेतलं, प्रेशर स्विचच्या भोकातून एका टाकीतलं ऑइल कॉम्प्रेसरच्या हवेने ४० पीएसआयवर आत सोडलं आणि टॉर्च घेऊन गाडीखाली झोपलो. क्रँकच्या तिन्ही मेन बेअरिंगमधून एकसारखे थेंब पडत होते, टप टप, जसे पडायला हवेत तसेच, बिग एंडही (पिस्टनच्या रॉडची बेअरिंगं) ठीक, क्रँक फिरवून फिरवून बघितलं. आणि पुढच्या बाजूला कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टच्या) बुशातून करंगळीएवढी धार लागलेली, थांबतच नव्हती. लेथवाल्याने क्रँक आणि बोअरचं काम नीट केलं होतं पण कॅमचे बुश जुनेच ठेवले होते आणि आम्हीही विचारलं नव्हतं. बुश नवीन घालून लाइन बोअर केले, स्टार्ट करायच्या आधी पंपात व्हॅसलीन भरलं, स्पार्क प्लग काढून स्टार्टरवर फिरवत राहिलो तोपर्यंत की मीटरचा काटा उचलला, मगच प्लग लावले. तोच क्रँक, तोच पंप, तेच २० डब्ल्यू ५०, आणि गरम स्लोवर आता २२.